क्लेमच्या कुंपणामागची गाडी

वल्गारीत कुणाला तोंडावर काही विचारणं म्हणजे चोंबडेपणा. पाठीमागे बोलणं म्हणजे शेजारधर्म. भल्या सकाळी एखाद्याच्या दारात परकी गाडी दिसली आणि तुम्ही सरळ जाऊन "काय रे, कोण आलंय?" असं विचारलंत, तर तुम्हाला वळण नाही. तेच पबात बसून, आवाज खाली करून, "मी काही म्हणत नाही, पण..." अशी सुरुवात केलीत, की तुम्ही समंजस. या "पण"वरच आमचं गाव उभं आहे. नाहीतर उभं राहायला दुसरं आहे काय इथे? एक रस्ता, एक पब, पत्र्याचा हॉल, दवाखाना, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन आणि व्हर्ना हॉक्रिजचा पेट्रोल पंप. बाकी चहूकडे लाल माती, पोळपाटासारखी सपाट.

"मी काही म्हणत नाही" म्हणण्याचा पहिला मान व्हर्नाचा. तो तिला कुणी दिला नव्हता, तिने स्वतः कमावला होता.

व्हर्ना इथलीच. बाप रेल्वेत रूळ दुरुस्त करायचा, त्यामुळे जन्म रेल्वेच्या क्वार्टरमधला. कीथ हॉक्रिजशी लग्न झालं आणि पंप तिच्या वाट्याला आला. पंपाला लागून चहाचं दुकान, दोन टेबलं, काचेच्या कपाटात सँडविच आणि केक. कीथ मेंढ्यांच्या लिलावात भाव वाढवता वाढवता छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. मुलगी जॅनिस ॲडलेडला नांदत होती. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून तिने व्हर्नाला तिकडे नेलं, तर बाई हिवाळा संपायच्या आत परत हजर. "अगं, रस्त्यावरून इतक्या गाड्या जातात आणि त्यातली एकही कुणाची ते कळत नाही," तिने पबवाल्या डॉटला सांगितलं. "माणसाने जगायचं कसं?"

कारण गाड्या ओळखणं ही व्हर्नाची विद्या होती. रस्त्याच्या टोकाला धुरळा उठला की ती काउंटरमागून सांगायची, कोण येतंय. बारीक, उंच धुरळा म्हणजे टपालाचा ट्रक. बसकट, रेंगाळणारा म्हणजे म्हातारा हॉबडे, कारण तो तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. धुरळा नेहमीपेक्षा जोरात असला, तर नवराबायकोचं भांडण झालंय. इथपर्यंत बाई चुकायची नाही. पण धुरळ्यापाशी थांबेल तर ती व्हर्ना कसली? ती धुरळ्याच्या आत शिरायची, गाडीत बसायची, माणसाच्या मनात उतरायची आणि तिथून घरी जाऊन त्याच्या चुलीवर काय शिजतंय तेही बघून यायची. हे सगळं काउंटर न सोडता.

एकदा डॉक्टरांचं विमान हॉबडेच्या शेतावर उतरलं. विमान उतरलं म्हणजे माणूस अत्यवस्थ, अर्ध्या तासात उडालं नाही म्हणजे माणूस गेला. व्हर्नाने सांगितलं, आम्ही मानलं. बायकांनी ताबडतोब सँडविच करायला घेतले, पुरुषांनी पबात त्याच्या नावाने ग्लास उचलले आणि ज्यांनी आयुष्यभर हॉबडेला कंजूष म्हटलं त्यांनी तो किती काटकसरी होता ते आठवून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी हॉबडे स्वतः पंपावर आला. विमानाचं चाक मऊ मातीत रुतलं होतं, डॉक्टर त्याच्याकडे जेवून गेले होते. आपल्याच तेराव्याचे सँडविच त्याने चवीने खाल्ले, उरलेले बांधून घेतले आणि पैसे दिले नाहीत.

यावर व्हर्ना काय म्हणाली? "आज ना उद्या जाणारच आहे ना तो?" आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तिचं म्हणणं पटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा काही तिच्या एकटीचा रोग नव्हता. ती बातमी काढायची, पण वाहून न्यायला आम्ही सगळे पोती घेऊन उभे असायचो.

आता क्लेम ॲडिकॉटचं सांगायला हवं. क्लेम रेल्वेतला गँगमन, व्हर्नाच्या बापाच्या हाताखाली शिकलेला. गाड्या बंद झाल्या, बाकीचे गेले, क्लेम मात्र स्टेशनाशेजारच्या घरातच राहिला आणि गावाच्या बोअरचा पंप सांभाळू लागला. लग्न केलं नाही. बोलणं तर इतकं बेताचं, की पबात त्याने "हं" म्हटलं तरी लोक मान वळवून बघायचे. व्हर्नाच्या दुकानाचा पत्रा उडाला, क्लेम शिडी घेऊन आला. फ्रीज बंद पडला, क्लेम पाना घेऊन आला. बोलावणं नाही, विचारणं नाही. काम करायचं, टोपीला हात लावायचा, जायचं.

कीथ गेल्यानंतर व्हर्ना दर रविवारी दुपारी भाजलेल्या मटणाचं एक ताट, बटाटे, भोपळा आणि वर भरपूर रस्सा घालून, फडक्याखाली झाकून क्लेमकडे न्यायची. "जास्त झालं होतं," असं म्हणायची. एकट्या बाईला दर रविवारी नेमकं एक ताट जास्त होतं, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. क्लेम "हं" म्हणून ताट घ्यायचा. सोमवारी घासून पुसून, लखलखीत करून परत आणून द्यायचा. साऱ्या गावाने केव्हाच ओळखलं होतं की बाईचा जीव त्याच्यावर आहे. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडावर बोलायची पद्धत नाही ना.

तर त्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, व्हर्ना सकाळी पंपाचं कुलूप काढत होती. अजून ऊन वर आलं नव्हतं. सहज तिची नजर रस्त्यापलीकडे क्लेमच्या घराकडे गेली आणि हातातली किल्ली हातातच राहिली. क्लेमच्या मागच्या कुंपणावरून एका पांढऱ्या गाडीचं टप दिसत होतं. दवाखान्याची गाडी! सिस्टर रोझलिनची!

सिस्टर रोझलिन त्याच हिवाळ्यात बदलून आली होती. पस्तिशीची, तरतरीत, मोठ्याने हसणारी. दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायची आणि डिझेलची ती दणकट गाडी घेऊन दूरदूरच्या मेंढपाळांच्या घरी जाऊन पोरांना सुया टोचायची. गाव तिच्यावर खूश होतं.

व्हर्ना बघत राहिली. थोड्या वेळाने क्लेम कुंपणाच्या फटीतून दिसला. खाली वाकून काहीतरी करत होता. बुटाच्या नाड्या, व्हर्नाने ठरवलं. नाड्या बांधतोय म्हणजे बूट आत्ताच चढवलेत. बूट आत्ता चढवलेत म्हणजे... तेवढ्यात गाडी हलली, कुंपणाआडून खडखडत बाहेर पडली आणि सिस्टरने खिडकीतून हात हलवला. क्लेमने हात वर केला. टोपीला लावला नाही, चांगला वर केला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी गाडी कुंपणामागे जायची, सकाळी निघायची. मध्ये सिस्टर बाहेर पडताना दिसायची नाही. व्हर्नाच्या खिडकीतून स्टेशनामागची पायवाट दिसत नाही, ही गोष्ट व्हर्नाच्या ध्यानात आली नाही. जे आपल्या खिडकीतून दिसत नाही ते जगात नाही, अशी आमच्या गावाची श्रद्धाच आहे.

"मी काही म्हणत नाही, डॉट," ती पबात जाऊन म्हणाली. "पण दवाखान्याची गाडी रात्रभर क्लेमच्या परसात असते."

डॉट पर्सेल ग्लास पुसत होती. थांबली. "आपल्या क्लेमच्या?"

"दुसरा कुठला आहे?"

"अगं बाई! तो बोलतो तरी का तिच्याशी?"

"बोलण्यासाठी कशाला जातंय कोण!" व्हर्ना फणकारली. "आणि लपवाछपवी बघ. कुंपणामागे लावतात. पण टप दिसतंय, टप! पाप असं वर येतं."

आता इथे जरा डोकं वापरलं असतं ना कुणी, तर पुढचं सगळं टळलं असतं. क्लेमचं कुंपण पुरुषभर उंच. सपाट जमिनीवर उभ्या केलेल्या गाडीचं टप त्याच्यावरून दिसेलच कसं? पण आम्ही अख्खं गाव दिवसाआड जाऊन ते टप बघून आलो आणि एकालाही हा प्रश्न पडला नाही. आम्हाला उत्तर आधीच मिळालेलं होतं, प्रश्नाची गरज काय?

पुढच्या आठवड्यात सिस्टर डिझेल भरायला आली. गाडी पंपाला लावली, पण इंजिन बंद केलं नाही. गाडी घरघरत उभी.

"बंद कर की गं," व्हर्ना म्हणाली.

"नको, नको, व्हर्ना. असू द्या. भरा तशीच. डिझेलच आहे."

"चहा घेशील?"

"आज नको. उतरता येत नाही." सिस्टर हसली. "पुन्हा कधीतरी, निवांत."

उतरता येत नाही! पूर्वी तास तास टेबलाशी बसणारी बाई, आता गाडीतून खाली उतरेना. मन खातंय, दुसरं काय. व्हर्नाने नळी अशी खेचून काढली की डिझेल तिच्याच बुटावर सांडलं. सिस्टर "अहो, जपून!" म्हणाली, ते व्हर्नाला टोमण्यासारखं लागलं.

त्या रविवारी तिने मटण भाजलं. ताट वाढलं. फडकं घातलं. आणि ताट घेऊन दारापर्यंत गेली. समोर कुंपणावर ते पांढरं टप उन्हात चमकत होतं. ती मागे फिरली. ताटातलं सगळं कुत्र्याला घातलं आणि कुत्रा ते मिटक्या मारत खातोय हे बघून तिला कुत्र्याचाही राग आला. एकसष्ट वर्षांची बाई, ओट्याला टेकून ढसाढसा रडली. रडता रडता स्वतःलाच म्हणाली, "मूर्ख म्हातारे, रस्सा पाजून कुणी नवरा मिळवतं का?" पण वाईट वाटायचं ते वाटलंच. त्याचं सुख बघवत नव्हतं असं नाही. आपण एकदाही काही बोललो नाही, आणि आता बोलायला जागा उरली नाही, हे तिला बोचत होतं.

पुढचेही रविवार ताट गेलं नाही. क्लेमने कारण विचारलं का? छे! तो सोमवारी सवयीने आला, हातात ताट नाही म्हणून काय करावं ते त्याला कळेना, पंपाच्या खांबाला हात लावून बघितला, खांब पक्का होता, मग गेला. व्हर्ना काउंटरमागे पाठ करून उभी राहिली. तिने ठरवलं की तो सांगायला आला होता आणि धीर झाला नाही.

इकडे गावाने गोष्ट पुढे नेली होती. आधी म्हणे नुसतं येणंजाणं. मग म्हणे लग्न ठरलंय. मग ईस्टरला ठरलंय. बायका दवाखान्यात गेल्या की सिस्टरच्या बोटाकडे बघायच्या, काही न बोलता गालात हसायच्या, औषध घ्यायच्या आणि बाहेर येऊन सांगायच्या, "अंगठी काढून ठेवलीय, लबाड!" काही जणींनी तर जाणंच सोडलं. हिचं मन जागेवर नाही, म्हणे, चुकीची सुई टोचेल.

आणि मग डॉट एका दुपारी व्हर्नाकडे आली, डोळे चमकत होते.

"आपण त्यांना गाठायचंच," ती म्हणाली. "किती दिवस लपवतील बिचारे! शनिवारी हॉलमध्ये साखरपुड्याची पार्टी. त्यांना सांगायचं नाही. क्लेमला सांगू, हॉलचा नळ गळतोय. सिस्टरला सांगू, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर तपासायचंय. सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा. आणि केक तुझा."

"माझा?"

"आजवर या गावात तुझ्याशिवाय केक कुणी केलाय? आणि बातमीही तुझीच की!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार. डॉट तिच्याकडे जरा निरखून बघत होती. मग हलकेच म्हणाली, "अगं, तू दुकान विकणार आहेस म्हणे? जॅनिसकडे जाणार?"

"मी? कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. रविवारचं ताट बंद झालं, म्हणजे आवराआवर चाललीय, असं."

"एक ताट नाही गेलं तर मी गाव सोडून चालले?" व्हर्ना संतापली. "काय माणसं आहात! काही आगा ना पिछा, उगाच आपलं ठोकून द्यायचं!"

डॉट गप्प राहिली. तिच्या जागी आम्ही असतो तरी गप्पच राहिलो असतो.

केक झाला. मोठा, तीन अंडी जास्तीची घातलेला, पांढऱ्या साखरेच्या लेपाचा. व्हर्नाने कागदाची पुंगळी करून गुलाबी साखरेने वर लिहायला घेतलं. "क्लेम" हे नाव तिच्या हातून इतकं सुबक उतरलं, की ती दोन मिनिटं नुसती बघत बसली. "रोझलिन" लिहिताना मात्र शेवटचं अक्षर घसरून कडेला गेलं. पुसून पुन्हा लिहावं असं तिला वाटलं नाही.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. पत्रे तापलेले, पंखे गरगरणारे, टेबलावर सँडविच, मांसाचे रोल, तीन प्रकारची जेली. भिंतीवर डॉटने रंगीत कागदाची झालर लावलेली. म्हातारा हॉबडे सगळ्यात पुढे, ताटली घेऊन. क्लेम आधी आला, हातात पाना. आत पाऊल टाकताच सगळे एकसुरात ओरडले, "अभिनंदन!" क्लेमने दचकून पाना छातीशी धरला. तेवढ्यात मागून सिस्टर आली, ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन. पुन्हा, "अभिनंदन!"

"अरे वा!" सिस्टर हसत म्हणाली. "कुणाचा वाढदिवस?"

सगळे खो खो हसले. डॉटने तिला हाताला धरून टेबलाशी आणलं. सिस्टरने केकवरची नावं वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली. हसणं तसंच तोंडावर राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"हे काय आहे?"

"आता पुरे गं लपवणं," डॉट लाडाने म्हणाली. "आम्हाला सगळं ठाऊक आहे. तुझी गाडी रोज रात्री त्याच्याकडे असते."

"गाडी असते!" सिस्टर म्हणाली. "गाडी असते, मी नसते! गाडीचा सेल्फ गेलाय, डॉट! सुट्टा भाग ॲडलेडहून यायचाय, एकदा आला तो चुकीचा आला. तोवर ती चालू करायची तर धक्का मारायला पाच माणसं हवीत, नाहीतर उतार हवा. या गावात उतार कुठे आहे? मला दाखवा! मेंढ्या रेल्वेत चढवायचा तो मातीचा चढ होता ना, जुना, तो क्लेमच्या कुंपणामागे आहे. तेवढाच. संध्याकाळी गाडी तिथे चढवून ठेवते, मागच्या पायवाटेने चालत घरी जाते. सकाळी चालत येते, क्लेम चाकाखालचे दगड काढतो, गाडी खाली सुटते आणि चालू होते. मग दिवसभर इंजिन बंद करायची सोय नाही. चहा प्यायला उतरायची सोय नाही!"

मेंढ्यांचा चढ! आमच्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्यावरून घसरगुंडी केली होती. गाड्या बंद झाल्या, वर झुडपं माजली आणि आम्ही त्याला क्लेमचं परसू म्हणू लागलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा तर कळसा डोळ्यांसमोर, कुंपणावरून टप काढून उभा होता. आणि आमच्यापैकी एक माणूस असा नव्हता ज्याने जन्मात कधी गाडी उतारावर सोडून चालू केलेली नाही.

"मग सांगायचं नाही का, पोरी?" हॉबडे म्हणाला.

"मला कुणी विचारलं?" सिस्टरचा आवाज चढला. "एकाने तरी? बायका पोरांना घेऊन यायच्या बंद झाल्या. मला वाटलं माझ्याच हातून कुणाला तरी काही चुकीचं दिलं गेलं. रात्र रात्र औषधांची कपाटं तपासत बसले मी! कुणी सांगितलं तुम्हाला हे सगळं?"

आमच्या गावात कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. वळण आहे तेवढं. आम्ही फक्त सगळ्यांनी एकदम व्हर्नाकडे बघितलं.

व्हर्ना केकपाशी उभी होती, हातात सुरी. चेहरा गुलाबी साखरेपेक्षाही लाल झालेला. "मी सांगितलं," ती म्हणाली. "मीच. मी टप बघितलं आणि बाकीचं सगळं मनाने रचलं. सिस्टर, तू माझ्या दारात उभी होतीस, चालू गाडीत, आणि मी तुला साधं विचारलं नाही की बाई, इंजिन का बंद करत नाहीस. मला तुझा राग येत होता. माफ कर मला. हवं तर शिव्या दे."

सिस्टरने डोळे पुसले. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण समोर बाई अशी काकुळतीने उभी, सुरी उलटी धरलेली. "ती सुरी आधी खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि चहा द्या. दीड महिना तुमच्या दुकानातला चहा प्यायले नाही मी. गाडी बाहेर चालूच आहे, असू दे."

हे ऐकून हॉलला श्वास आला. मग काय, जो तो दुसऱ्याला बोलू लागला. मला तर पहिल्यापासून शंका होती, मी तर तेव्हाच म्हणालो होतो, तूच नाही का ईस्टर म्हणालीस. डॉट चहाकडे धावली, पोरं जेलीवर पडली. या गदारोळात क्लेम हळूहळू टेबलाशी आला. पाना अजून छातीशीच. त्याने केककडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नाव चुकलंय," तो म्हणाला.

फक्त व्हर्नाला ऐकू गेलं. आणि झालं! एवढ्याशा धुरळ्यावरून तिच्या मनाने झेप घेतली. एका श्वासात लग्न लागलं, हॉल सजला, जॅनिस रडली, क्लेमचं सामान दुकानामागच्या खोलीत येऊन पडलं. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात पलीकडे सिस्टर दिसली, दोन्ही हातांनी कप धरून बसलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. व्हर्नाने ओठ आवळले. सवयीची सगळी वरात परत फिरवली.

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

क्लेमला ही अपेक्षाच नव्हती. गावात आजवर त्याला एवढा सरळ प्रश्न कुणी टाकला नव्हता. त्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ताट येत नाही रविवारी," तो म्हणाला.

"म्हणजे काय, क्लेम?"

"घरी... करमत नाही मला. रविवारी."

"म्हणजे?"

"अगं, म्हणजे म्हणजे काय!" क्लेम घामाघूम झाला. "समजून घे की."

"नाही घेणार," व्हर्ना म्हणाली. ती जागची हलली नाही. "आयुष्यभर समजूनच घेत आले. हॉबडेला मारलं, त्या पोरीला छळलं, आणि तुला न विचारता तुझं लग्न लावायला निघाले होते. मला आता कशावरूनही काही समजून घ्यायचं नाही. तुला काय म्हणायचंय ते तोंडाने म्हण. शाळेतल्या पोरीसारखी उभी आहे मी, सांग."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. हॉबडेने चावणं थांबवलं. त्याच्या शेजारच्यांनी मान वळवली, मग त्यांच्या शेजारच्यांनी, आणि बघता बघता सगळा हॉल त्या दोघांकडे तोंड करून उभा. क्लेमने ते बघितलं. पळून जावं असं त्याला नक्की वाटलं असणार, पण हे आपलं आमचं. त्याने पाना केकशेजारी ठेवला, टोपी काढली. टक्कल उन्हात न गेलेलं, पांढरंफटक.

"ॲडलेडला जाऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्याकडे ये. कायमची. लग्न करून. मला तू हवी आहेस. ताट नसलं तरी."

एवढं बोलायला त्याला साधारण दहा वर्षं लागली होती. डॉटच्या हातातली किटली भरलेल्या कपात ओततच राहिली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी "मी म्हणालोच होतो" म्हटलं नाही. सगळे व्हर्नाकडे बघत होते, की आता ही काय म्हणते.

व्हर्नाचे डोळे भरून आले होते. तिने ते एप्रनला पुसले.

"पुन्हा एकदा म्हण," ती म्हणाली. "मला खात्री करून घ्यायचीय."